लेझरने उष्णतावाहकता काढायची तर वॅट नव्हे, वेळ मोजा

धुळ्याहून तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं: रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या खोडाचा धागा आणि इपॉक्सी मिळून ३ मि.मी. जाडीची शीट बनवली आहे. तिची उष्णतावाहकता काढायची आहे आणि तुलनेसाठी तेवढ्याच जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घेतला आहे. तापवायला नक्षीकाम करणाऱ्या यंत्रातला २ वॅटचा निळा डायोड लेझर, तापमानासाठी के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) आणि त्याचं वाचन आकड्यात देणारा मॅक्स ६६७५ चा बोर्ड. लेझर मध्यभागी रोखून पाठच्या बाजूचं तापमान स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि वॅट, जाडी, क्षेत्रफळ व तापमानातला फरक सूत्रात घालायचा, अशी तुमची पद्धत आहे. सकाळचं आणि दुपारचं उत्तर जुळत नाही, अ‍ॅल्युमिनियमचं तर काहीच्या काही येतं आणि शीटवर जळका डाग पडतो. म्हणून लेझरची खरी शक्ती मोजायला पॉवर मीटर कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलं आहे.

पॉवर मीटर मिळाला तरी अडचण सुटणार नाही. लेझरमधून किती वॅट निघाले आणि नमुन्याने किती शोषले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घासून चकचकीत केलेला अ‍ॅल्युमिनियम निळ्या प्रकाशाचा बहुतेक भाग परत फेकतो. तोच पत्रा थोडा मळला की शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. शोषलेली उष्णताही सगळी नमुन्यातून पलीकडे जात नाही. तुमच्या शीटसारख्या मंद वाहकात तिचा मोठा वाटा पुढच्याच बाजूने हवेत परत जातो, काही बाजूला पसरतो. तेव्हा सूत्रातले वॅट चुकीचे आणि क्षेत्रफळही चुकीचं. शिवाय २५ मि.मी. चौरसावर पूर्ण २ वॅट शोषले गेले असं धरलं तरी ३ मि.मी. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन बाजूंत फरक पडतो जेमतेम ०.०६ अंश. मॅक्स ६६७५ ची एक पायरीच ०.२५ अंशाची आहे. तुम्ही जे वाचत होता तो वाहकतेचा आकडा नव्हताच.

लेझरने तापवण्याचा खरा फायदा वेगळा आहे: उष्णता कधी दिली ते अचूक ठाऊक असतं. पुढच्या बाजूला एक छोटा झटका द्या आणि पाठची बाजू किती वेळाने तापते ते पाहा. किती अंश तापली याला महत्त्व नाही. शोषण निम्मं झालं तर सगळा आलेख निम्म्या उंचीचा होतो, वेळ तीच राहते. पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हीच पद्धत मांडली. त्यांच्याकडे झेनॉनचा फ्लॅश दिवा होता, या पद्धतीत लेझर नंतर आला. त्यांचं सूत्र असं:

थर्मल डिफ्युझिव्हिटी = ०.१३८८ × जाडीचा वर्ग ÷ अर्धवेळ

तापमानातला बदल पदार्थातून किती झटपट पसरतो तो आकडा म्हणजे थर्मल डिफ्युझिव्हिटी. पाठच्या बाजूचं तापमान आपल्या कमाल वाढीच्या निम्म्यावर पोहोचायला लागणारा वेळ म्हणजे अर्धवेळ. सूत्रात वॅट नाहीत, क्षेत्रफळ नाही. डिफ्युझिव्हिटी हातात आली की तिला घनता आणि विशिष्ट उष्णतेने गुणून वाहकता मिळते. त्याबद्दल शेवटी सांगतो.

आता तुमच्या दोन्ही नमुन्यांना हे सूत्र लावून पाहा. इपॉक्सीसारख्या पदार्थाची डिफ्युझिव्हिटी ०.१३ चौरस मि.मी. प्रति सेकंदाच्या आसपास धरली तर ३ मि.मी. शीटचा अर्धवेळ साडेनऊ सेकंदांच्या जवळ येतो. एवढं निवांत मोजता येतं. अ‍ॅल्युमिनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची ६५ धरली तर अर्धवेळ येतो १९ मिलिसेकंद. मॅक्स ६६७५ एका वाचनालाच सुमारे ०.२ सेकंद घेतो. म्हणजे पहिलं वाचन हातात येईपर्यंत पत्र्यातला सगळा खेळ संपलेला असतो. म्हणून एकच मांडणी दोघांना चालणार नाही. शीटसाठी झटका-पद्धत आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी लांब पट्टी वापरून दुसरी पद्धत, असं वेगळं करा.

शीटपासून सुरुवात. नमुना २५ मि.मी. चौरस कापा. प्रयोगशाळांतल्या तयार यंत्रांत १० किंवा १२.७ मि.मी. व्यासाच्या चकत्या चालतात, पण केळीचा धागा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. छोट्या चकतीत एकीकडे नुसतं रेझिन आणि दुसरीकडे धाग्यांचा गठ्ठा येऊ शकतो. जाडी मायक्रोमीटर स्क्रूने नऊ ठिकाणी मोजा. सूत्रात जाडीचा वर्ग आहे, त्यामुळे जाडीतली २ टक्के चूक उत्तरात ४ टक्के होते. हाताने ओतलेल्या शीटमध्ये कडेपासून मध्यापर्यंत ०.२ मि.मी. फरक असणं नवलाचं नाही. तेवढा असेल तर आधी पॉलिश पेपरवर घासून सपाट करा.

मग काळा रंग. ही पायरी गाळू नका. इपॉक्सी निळ्या प्रकाशाला बरीच पारदर्शक असते, धागाही थोडा प्रकाश आत सोडतो. रंग न देता झटका दिला तर प्रकाश शीटच्या पोटात शोषला जातो, थोडा आरपार जाऊन थेट थर्मोकपलच्या मण्यावर, म्हणजे तारांच्या जोडावर पडतो. आलेखावर याची खूण स्पष्ट दिसते: लेझर लागताक्षणी तापमान टुणकन उडी मारतं आणि मग सावकाश चढू लागतं. खरा आलेख आधी काही क्षण सपाट राहतो आणि नंतर वर वळतो. सुरुवातीचा तो सपाट भाग दिसत नसेल तर पुढचं गणित करू नका. दोन्ही बाजूंना ग्रॅफाइटचा स्प्रे पातळ मारा, उजेडासमोर धरल्यावर प्रकाश दिसायचा थांबला की पुरे. स्प्रे नसेल तर चुलीच्या पाइपाला देतात तो मॅट काळा उष्णतारोधक रंग चालतो. दिव्याची काजळी शोषते उत्तम, पण बोट लागलं की निघते, आणि थर्मोकपल चिकटवताना बोट लागतंच.

लेझर एका बिंदूवर रोखायचा नाही. एकाच ठिकाणी उष्णता पडली की ती जाडीत जाते तशी आडवीही पसरते आणि सूत्र फक्त जाडीतल्या प्रवासाचं आहे. मॉड्यूलची पुढची लेन्स काढली की किरण आपोआप फाकतो, मात्र एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी. पुढे दुधी काचेचा तुकडा ठेवा म्हणजे डाग बराच सारखा होतो. नमुन्यासमोर २५ मि.मी. चौकोनी खिडकी कापलेला, काळा केलेला पत्रा धरा, म्हणजे कडेचा प्रकाश तिथेच अडेल. यात निम्मा प्रकाश वाया गेला तरी चिंता नाही. वॅट सूत्रात नाहीतच. डाग सारखा आहे का ते नमुन्याच्या जागी पांढरा कागद ठेवून, मोबाइलचं एक्स्पोजर कमी करून काढलेल्या फोटोत दिसतं. मध्यभाग कडेपेक्षा ठळक उजळ असेल तर काच आणखी मागे-पुढे करा.

झटका किती वेळाचा द्यायचा? पूर्ण २ वॅट त्या चौकोनावर २ सेकंद शोषले गेले तर पुढची बाजू क्षणभर सुमारे ९ अंशांनी चढते आणि शेवटी सगळी शीट जवळपास १.४ अंशांनी तापते. हेच २ वॅट १० मि.मी.च्या वर्तुळात कोंबले तर एका सेकंदात पुढची बाजू ५० अंशांनी वर जाते. खोलीत आधीच ४२ अंश, त्यावर ५० म्हणजे नव्वदीच्या पुढे. खोलीच्या तापमानाला पक्कं होणारं इपॉक्सी बहुधा त्याच्या खूप आधी मऊ पडू लागतं. मग मोजता आहात तो पदार्थच मधेच बदलतो आणि दुसऱ्या वेळी वेगळं उत्तर येतं. म्हणून पसरट डाग आणि २ सेकंदांचा सौम्य झटका. अर्धवेळ साडेनऊ सेकंद असताना २ सेकंदांचा झटका क्षणिक धरता येत नाही, पण उपाय सोपा आहे: शून्य वेळ झटक्याच्या सुरुवातीपासून न धरता मध्यापासून धरा, म्हणजे लेझर लागल्यानंतर १ सेकंदापासून. एवढ्या सुधारणेने बहुतेक चूक निघून जाते. नक्षीयंत्राच्या मॉड्यूलवर छापलेले वॅट पुष्कळदा विजेचे असतात, प्रकाशाचे त्याहून बरेच कमी. तेव्हा तुमची वाढ १.४ ऐवजी अर्धा-पाऊण अंश आली तरी घाबरू नका.

अर्ध्या अंशाची वाढ ०.२५ अंशाच्या पायऱ्यांनी मोजता येणार नाही हे उघड आहे. मॅक्स ६६७५ बाजूला ठेवा. एडी ८४९५ हा थर्मोकपलचा अ‍ॅम्प्लिफायर एका अंशाला ५ मिलिव्होल्ट देतो. त्याच्यापुढे एडीएस १११५ हा १६ बिटांचा कन्व्हर्टर १.०२४ व्होल्टच्या रेंजवर लावला तर एक पायरी ०.००६ अंशाची पडते. सेकंदाला १० वाचनं पुरतात. प्रत्येक वाचन १०० मिलिसेकंदांची सरासरी असू द्या, म्हणजे विजेच्या ५० हर्ट्‌झच्या गुणगुणीची पाच पूर्ण आवर्तनं त्यात मावतात आणि ती आपोआप खोडली जाते.

थर्मोकपलची तार ०.१ ते ०.२ मि.मी. जाडीची घ्या. जाड तार मंद वाहकातून उष्णता ओढून घेते आणि तिच्याखालचा भाग थंड ठेवते. मणी पाठच्या बाजूच्या मध्यावर टेकवा, खाली थर्मल पेस्टचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, वरून उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपचा लहान तुकडा. तार लगेच वर उचलू नका. पृष्ठभागावरूनच २० मि.मी. सरळ नेऊन मग सोडा. म्हणजे मण्याजवळची तार नमुन्याच्याच तापमानाला राहते आणि मण्यातून उष्णता पळत नाही. नमुना तीन टाचण्यांच्या टोकांवर किंवा थर्मोकोलच्या चौकटीत फक्त कडेने धरा. लोखंडी क्लॅम्पमध्ये दाबू नका.

सकाळ-दुपारच्या फरकाचं मूळ बहुधा खोलीतच आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखालची खोली दोन मिनिटांत दशांशभर अंश सहज सरकते आणि तुमचा सगळा सिग्नल अर्ध्या-एक अंशाचा. त्यात कूलर चालू असेल तर आणखी दोन गोष्टी होतात. वारा नमुन्यावरून उष्णता नेतो, हे लक्षात येतं. पण तोच वारा एडी ८४९५ च्या चिपवर लागला तर नमुना स्थिर असूनही वाचन हलतं, कारण थर्मोकपलच्या थंड टोकाचं तापमान ती चिप स्वतःवरूनच धरते. म्हणून नमुना आणि चिप दोन्ही बंद डब्यात ठेवा, लेझरच्या हीटसिंकचा पंखा डब्याबाहेर. झटक्याआधी ३० सेकंद वाचन घ्या, त्यावर सरळ रेषा बसवा आणि ती संपूर्ण आलेखातून वजा करा. शक्यतो पहाटे काम उरका. दोन झटक्यांमध्ये पंधरा मिनिटं जाऊ द्या, पाच झटके घ्या.

बंद डब्यातही शीटच्या दोन्ही बाजूंनी हवेत आणि प्रारणाने उष्णता जातच राहते. चांगल्या वाहकात हे दुर्लक्षिता येतं, तुमच्या शीटमध्ये नाही. पाठची बाजू खऱ्या कमालपर्यंत चढण्याआधीच उतार सुरू होतो, कमाल खुजी दिसते, तिचं निम्मं लवकर गाठलं जातं आणि डिफ्युझिव्हिटी जास्त येते. ३ मि.मी. शीटला ही चूक १० टक्क्यांच्या घरात जाते. मी वापरतो तो उपाय असा: कमाल गाठून गेल्यावर, म्हणजे झटक्यानंतर एक मिनिटापासून पुढची चार-पाच मिनिटंही वाचन चालू ठेवायचं. त्या उतरत्या शेपटीवर घातांकी वक्र बसवून थंड होण्याचा कालांक (वाढ सुमारे ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ) काढायचा. अशा शीटला तो साधारण तीन-साडेतीन मिनिटं येतो. मग प्रत्येक वाचनाला, त्या क्षणापर्यंतचा वेळ भागिले कालांक, एवढ्या घाताच्या एक्स्पोनेन्शियलने गुणायचं. गुणल्यावर आलेखाचा माथा सपाट झाला पाहिजे. सपाट झाला की त्याच उंचीच्या निम्म्यावरून अर्धवेळ वाचा. गुणल्यावरही माथ्याला कुबड राहत असेल तर डाग मध्यभागी जास्त उजळ आहे. लेझरकडे परत जा, गणितात दुरुस्ती शोधू नका.

सगळ्यात भरवशाची तपासणी जाडी बदलण्याची. एकाच मिश्रणाच्या २, ३ आणि ४ मि.मी.च्या शीट करा. अर्धवेळ ४ : ९ : १६ या प्रमाणात यायला हवेत. जाडीच्या वर्गासमोर अर्धवेळ मांडा. बिंदू सरळ रेषेत पडले पण रेषा शून्यातून न जाता थोडी वरून गेली, तर तेवढा उशीर थर्मोकपलचा, पेस्टचा आणि रंगाचा आहे. रेषेचा उतार त्या उशिरापासून मुक्त असतो, म्हणून डिफ्युझिव्हिटी उतारावरूनच काढा. बिंदू रेषेतच नसतील तर तिन्ही शीटमध्ये धाग्याचं किंवा हवेच्या बुडबुड्यांचं प्रमाण सारखं नाही. हे सगळं स्वतःच्या शीटवर करण्याआधी ३ मि.मी.च्या साध्या अ‍ॅक्रिलिकवर करा: तिथे ०.११ च्या आसपास उत्तर आलं की मांडणी नीट आहे.

आता अ‍ॅल्युमिनियम. इथे स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ आँगस्ट्रॉमची १८६१ सालची पद्धत अजूनही उत्तम चालते. त्याने सळईचं टोक आळीपाळीने वाफेने तापवलं आणि पाण्याने थंड केलं. तुम्ही ते काम लेझर चालू-बंद करून करा. १ मि.मी. जाड, १० मि.मी. रुंद, २५० मि.मी. लांब पट्टी घ्या, एका टोकाचे १० मि.मी. काळे रंगवा, लेझर ३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद ठेवा. टोकापासून ३० आणि ७० मि.मी.वर दोन थर्मोकपल लावा, म्हणजे मधलं अंतर ४० मि.मी. पंधरा-वीस मिनिटांनी आंदोलनं स्थिर होतात. मग शेवटच्या पाच-सहा आवर्तनांवर ६० सेकंदांच्या आवर्तनकाळाची साइन बसवा आणि दोन गोष्टी वाचा: दूरच्या थर्मोकपलला किती सेकंद उशीर झाला आणि त्याचं आंदोलन किती पट लहान झालं.

डिफ्युझिव्हिटी = अंतराचा वर्ग ÷ (२ × उशीर × जवळचं आंदोलन भागिले दूरचं आंदोलन या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग)

६५ डिफ्युझिव्हिटीच्या पट्टीला उशीर १०.८ सेकंद यावा आणि दूरचं आंदोलन जवळच्याच्या ०.३२ पट. १६०० ला २ × १०.८ × १.१३ ने भागा, ६५ च्या जवळ येईल. या सूत्राची खुबी अशी की हवेत जाणारी उष्णता उशीर कमी करते आणि आंदोलनाची घट तेवढ्याच प्रमाणात वाढवते, त्यामुळे दोघांच्या गुणाकारातून ती निघून जाते. मात्र नुसत्या उशिरावरून किंवा नुसत्या घटीवरून उत्तर काढलं तर ती चूक तशीच राहते. पट्टी आखूड घेतली तर दूरच्या टोकावरून लाट परत येते आणि दोन्ही आकडे बिघडतात, २५० मि.मी.च्या खाली जाऊ नका. आणि या पट्टीच्या आकड्यांना पत्र्याच्या मिश्रधातूचं नाव जोडा, नुसतं ‘अ‍ॅल्युमिनियम’ लिहू नका. शुद्ध धातूची डिफ्युझिव्हिटी ९७ च्या आसपास असते, भांड्याच्या पत्र्याची आणि बांधकामाच्या सेक्शनची वेगवेगळी.

डोळ्यांबद्दल नीट ऐका. अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर सगळ्यात धोक्याच्या चौथ्या वर्गात मोडतो आणि पापणी मिटेपर्यंत पडद्याला इजा झालेली असते. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवरून उसळलेला किरण थेट किरणाइतकाच वाईट. ४५० नॅनोमीटरसाठी (हीच निळ्या लेझरची तरंगलांबी) ऑप्टिकल डेन्सिटी ५ किंवा अधिक, म्हणजे प्रकाश निदान लाखपट कमी करणारा, असं स्पष्ट लिहिलेला चष्माच घ्या; यंत्रासोबत आलेल्या बिननावाच्या हिरव्या चष्म्यावर किंवा गॉगलवर विसंबू नका. त्याहून चांगलं म्हणजे सगळी मांडणी आतून काळ्या केलेल्या पत्र्याच्या डब्यात बसवा आणि झाकणाचा मायक्रोस्विच लेझरच्या पुरवठ्याशी सिरीजमध्ये जोडा, म्हणजे झाकण उघडलं की लेझर बंद. जळगाव एमआयडीसीतून पीव्हीसी पाइपाचे तुकडे सहज मिळतात, म्हणून तेही तापवून पाहावेत असं तुम्ही लिहिलं आहे. वर सांगितलेल्या पसरट, सौम्य झटक्याने चालेल. पण रोखलेल्या किरणाखाली पीव्हीसी जळला तर हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि डब्यातली लेन्स, पिना, बोर्ड सगळं गंजवतो. लेन्स परत बसवली असेल त्या दिवशी पीव्हीसी आत ठेवू नका.

राहिली वाहकता. डिफ्युझिव्हिटी, घनता आणि विशिष्ट उष्णता यांचा गुणाकार करायचा. घनता त्याच चौरसाचं वजन आणि मापं घेऊन काढा, रेझिनच्या डब्यावरची वापरू नका, कारण हाताने ओतलेल्या शीटमध्ये बुडबुडे असतातच. विशिष्ट उष्णता डीएससी (डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटर) या यंत्रावर मोजून घ्या. जळगावच्या विद्यापीठात किंवा तुमच्या मार्गदर्शकांमार्फत जिथे सोय होईल तिथे काही मिलिग्रॅम नमुना पुरतो. पण इतका लहान नमुना केळीच्या शीटचं प्रतिनिधित्व करत नाही, म्हणून धागा आणि रेझिन वेगवेगळे मोजा आणि वजनाच्या प्रमाणात बेरीज करा.

केळीचा धागा हवेतला ओलावा भरपूर धरतो. मे महिन्यात मोजलेली शीट आणि श्रावणात मोजलेली तीच शीट वेगळी उत्तरं देईल, दोन्ही बरोबर असूनही. ६० अंशांवर वजन बदलणं थांबेपर्यंत सुकवा, सिलिका जेलच्या डब्यात थंड करा, रंग द्या, आणि मोजायच्या दिवशी पुन्हा वजन करून वहीत लिहा. धागे शीटच्या सपाटीत एका दिशेने लावले असतील तर झटका-पद्धतीने येणारा आकडा धाग्यांना आडव्या दिशेचा आहे, तसंच लिहा. धाग्याच्या दिशेचा हवा असेल तर जाड ठोकळा ओतून त्यातून धाग्यांना काटकोनात ३ मि.मी.च्या चकत्या कापा आणि हीच मांडणी पुन्हा लावा. पॉवर मीटरसाठी ठेवलेले पैसे एडी ८४९५, एडीएस १११५, बारीक थर्मोकपलची तार आणि चष्मा यांवर घाला. पहिली खरेदी चष्म्याची.